फाट्यापासून पुढे

"गाडी नाही? मग तुम्ही जाता कसे?" हा प्रश्न अलीकडे मला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते, त्याला खरोखरच कुतूहल असते. सोमवारी कचेरीत माहुलीला जाऊन आल्याचे सांगितले, की ऐकणारा किल्ल्याबद्दल आधी विचारत नाही, वाहनाबद्दल विचारतो. आम्ही घरची चार माणसे आसनगावपर्यंत लोकलने आणि तिथून पायी गेलो म्हटले, की त्याच्या चेहऱ्यावर कौतुक आणि कीव यांचे एक चमत्कारिक मिश्रण दिसू लागते. तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला सुचलाही नसता. डोंगरात जायचे म्हणजे रात्रीची शेवटची कसारा नाहीतर कर्जत लोकल पकडायची, फलाटावर पिशवी उशाला घेऊन डुलकी काढायची आणि पहाटेची पहिली एस. टी. गाठायची, हे इतके गृहीत होते, की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे कुणाला वाटत नसे.

आता ते सांगण्यासारखे झाले आहे. म्हणूनच या विषयावर लिहावेसे वाटले. जुन्या दिवसांचे उमाळे काढण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न साध्या हिशेबाचा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जेमतेम साडेसात टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले. महाराष्ट्राचा आकडाही याहून फार वेगळा नाही. म्हणजे दहा घरांपैकी नऊ घरांत गाडी नाही. तरीही रविवारच्या सहलींबद्दल जे जे छापले, दाखवले आणि बोलले जाते ते सगळे उरलेल्या एका घराला उद्देशून असते. 'मुंबईपासून अवघ्या दोन तासांवर' असे एखाद्या धबधब्याचे वर्णन वाचावे आणि स्वतःला विचारावे, कुणाच्या दोन तासांवर?

खरे म्हणजे या बाबतीत मुंबई-पुण्याच्या माणसाइतका भाग्यवान दुसरा कुणी नसेल. आपल्या लोहमार्गांनी सह्याद्रीची वाट फार पूर्वीच धरून ठेवली आहे. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरून पंधरा-वीस मिनिटे चालले, की शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या राष्ट्रीय उद्यानाचे दार. नेरळला उतरले की समोर माथेरानचा डोंगर. आसनगावच्या फलाटावरूनच माहुलीचे सुळके मोजता येतात. पळसदरीला लोकलमधून उतरावे आणि हिरवळीत पाय ठेवावा. पनवेलहून पेणकडे जाणारी कुठलीही साधी गाडी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्याच्या दाराशी सोडते. यातल्या एकाही ठिकाणी जायला मोटार लागत नाही, लागते ती फक्त लवकर उठण्याची तयारी. आणि घरातल्या सगळ्यांना लवकर उठवणे हे मोटार विकत घेण्यापेक्षा अवघड आहे हे मला मान्य आहे.

या सगळ्यांत माझे लाडके ठिकाण म्हणजे मळवली. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलचे हे पहिलेच स्टेशन. इथे उतरून उत्तरेला निघाले तर कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई, दक्षिणेला निघाले तर भाजे, आणि भाज्याच्या डोक्यावर लोहगड आणि विसापूर. बावीसशे वर्षांपूर्वी खोदलेले भाज्याचे चैत्यगृह, त्याच्या शेजारी पावसाळ्यात कोसळणारे पाणी, वर गायमुख खिंड आणि पलीकडे विंचूकाट्याची ती लांबलचक सोंड. एका दिवसाला याहून जास्त काय हवे? स्टेशनवरून भाज्याला जाताना द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो. वर पूल आहे, खाली महामार्ग. सुटीच्या दिवशी सकाळी त्या पुलावर क्षणभर थांबावे. खाली घाट चढून आलेल्या गाड्यांची रांग हळूहळू सरकत असते, आतली मुले काचेला नाक लावून बसलेली असतात. माझ्या धाकट्या भाच्याने तिथे उभे राहून एकदा गाड्या मोजायला सुरुवात केली होती. दोनशेच्या पुढे गेल्यावर त्याला कंटाळा आला आणि आम्ही पुढे निघालो. आता २०२५ च्या जुलैत लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे, राज्यातल्या आणखी दहा किल्ल्यांबरोबर आणि तमिळनाडूतल्या जिंजीबरोबर. तेव्हा ही रांग कमी होण्याची काही लक्षणे नाहीत.

पण सगळेच गड मळवलीसारखे लोहमार्गाला खेटून नाहीत. रेल्वे संपते तिथे आपला खरा प्रश्न सुरू होतो, आणि त्याचे नाव आहे फाटा. मोठ्या रस्त्यावरची गाडी आपल्याला फाट्यावर सोडते आणि निघून जाते. तिथे एक चहाची टपरी, एक वाकलेला फलक आणि डोंगराकडे गेलेला डांबरी रस्ता. कल्याणहून माळशेज घाट चढून आळेफाट्याकडे जाणाऱ्या गाडीने खुबी फाट्यावर उतरले, तर हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे खिरेश्वर धरणाच्या कडेकडेने सुमारे पाच किलोमीटर. ही चाल सुखाची आहे, पाण्यावरचा वारा असतो, ती सहलीतच जमा धरावी. पण सगळे फाटे खुबीसारखे नसतात. कुठे आठ, कुठे बारा किलोमीटर डांबर तुडवावे लागते, आणि तेही गड चढण्याच्या आधी. विशीतल्या पोरांना त्याचे काही वाटत नाही. साठीची आजी आणि सात वर्षांची नात बरोबर असली, की तेच अंतर दिवसभराच्या सहलीचा निकाल लावते.

या फाट्यापासून पुढे जाणारी गाडी नाही असे नाही. गाडी आहे, पण ती आपल्या वेळेला नाही. एस. टी.च्या वेळापत्रकाचा थोडा अभ्यास केला, की यातले इंगित कळते. वाडी-वस्तीवरची गाडी शहरातल्या हौशी माणसासाठी नसतेच. ती वाडीतल्या माणसासाठी असते, आणि तशीच असायला हवी. मुक्कामाची गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघते आणि रात्री गावात थांबते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच अंग टाकतात. पहाटे ती दुधाच्या बरण्या, भाजीच्या पाट्या, कॉलेजची पोरे आणि कोर्टात तारीख असलेला एखादा म्हातारा घेऊन तालुक्याला जाते. म्हणजे सकाळी भरलेली गाडी डोंगराकडून गावाकडे, संध्याकाळी भरलेली गाडी गावाकडून डोंगराकडे. आपल्याला नेमके याच्या उलट जायचे असते.

आता यातली गंमत पाहा. दिशा उलटी आहे ही अडचण वाटते, पण वाहतुकीच्या हिशेबात ती चांगली गोष्ट आहे. सकाळी माणसे उतरवून जी गाडी डोंगराकडे परत जाते ती जवळजवळ रिकामी जाते. संध्याकाळी माणसे आणायला जी वर गेलेली असते, तिला खाली येताना प्रवासी मिळत नाहीत. हिंडायला निघालेली चाळीस माणसे नेमकी या रिकाम्या फेरीत बसू शकतात. गाववाल्यांची जागा ते अडवत नाहीत, डिझेल जास्त जळत नाही, आणि ज्या फेरीचे उत्पन्न कमी म्हणून ती बंद करायचे घाटते आहे, तिच्या पत्रकावर चार आकडे वाढतात. एका वाहकाने हे मला माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगितले होते. गाडीत तो, चालक आणि आम्ही चौघे. तो म्हणाला, "काका, तुम्ही दर रविवारी चाळीस जण आणा, मी गाडी बंद पडू देत नाही." आणि उतरताना त्याने न विचारता सांगितले, "परतीची साडेपाचला. ती चुकली तर देऊळ मोठं आहे, झोपायला हरकत नाही."

पण रविवारी हे जमत नाही, कारण रविवार हाच या वेळापत्रकातला भाकड दिवस. खेड्यापाड्यांच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांच्या पासांवर चालतात. शाळेला सुटी असली की फेरीलाही सुटी. शहरातल्या माणसाला ज्या एका दिवशी सवड असते त्याच दिवशी डोंगराकडची गाडी आगारात उभी असते. त्यातच २०२०ची टाळेबंदी आली, पाठोपाठ २०२१च्या ऑक्टोबरपासून २०२२च्या एप्रिलपर्यंत चाललेला संप आला. या दोन वर्षांत ज्या फेऱ्या थांबल्या, त्यांतल्या कित्येक पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. गावकऱ्यांनी दुचाकी घेतल्या, उरलेले वडापच्या जीपमध्ये नाहीतर मिनिडोरमध्ये कोंबून घेऊ लागले. वडापवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनीच आम्हाला कितीदा तरी अंधारात स्टेशनपर्यंत आणून सोडले आहे. पण वडापला वेळापत्रक नसते आणि सुटीच्या दिवशी भाव नसतो, असते ती 'स्पेशल'. एस. टी.चे तिकीट चार माणसांना परवडते. स्पेशल परवडण्यासाठी आधी दहा माणसे जमवावी लागतात.

बरे, सरकार या प्रश्नाकडे पाहतच नाही असे म्हणता येणार नाही. पाहते, पण मोटारीच्या काचेतून. गडाला माणसे जास्त येऊ लागली की पहिला विचार सुचतो तो रस्ता रुंद करण्याचा, दुसरा वाहनतळाचा. वाहनतळ म्हणजे पायथ्याच्या गावातली एक सपाट जागा. डोंगराच्या कुशीत सपाट जागा फार थोड्या असतात, आणि जिथे असते तिथे बहुधा भाताचे खाचर असते. रविवारी त्या खाचरात शंभर गाड्या उभ्या राहतात, जागेच्या मालकाला चार पैसे मिळतात, आणि सोमवार ते शुक्रवार तिथे काहीच पिकत नाही. शंभर गाड्यांतून चारशे माणसे आली असे धरा. तीच माणसे दहा बसगाड्यांतून आली असती, आणि बसगाड्या त्यांना सोडून निघून गेल्या असत्या.

सिंहगडावर एकदा हा प्रयोग झालाही. २०२२च्या मे महिन्यात पुण्याच्या महानगर परिवहन महामंडळाने गडावर विजेच्या बसगाड्या सुरू केल्या. खासगी वाहने खाली ठेवायची आणि वर बसने जायचे अशी ती योजना. कल्पना उत्तम होती. घाटरस्त्यावरची कोंडी, माथ्यावरची वाहनांची दाटी, पेट्रोलच्या वासात खावी लागणारी पिठलं-भाकरी, या सगळ्यांवर ते एकच औषध होते. पण गाड्या अपुऱ्या पडल्या, माणसे ताटकळली, तक्रारी झाल्या आणि तो महिना संपायच्या आत सेवा थांबली. गाड्या पुन्हा वर जाऊ लागल्या. मला दुःख झाले ते सेवा थांबल्याचे नाही. नव्या कामात अडचणी यायच्याच. दुःख याचे, की बस कमी पडल्या म्हणून बस वाढवण्याऐवजी मोटारी परत बोलावल्या गेल्या. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत शहराची बस आजही जाते, आतकरवाडीतून पायवाटही आहे, आणि रविवारी पहाटे त्या वाटेवर धापा टाकणाऱ्या पुणेकरांची संख्या पाहिली, की सगळ्यांनाच गाडीने वर जायचे असते हा समज खोटा ठरतो. दोन-अडीच तास चढून गेल्यावर मडक्यातले दही कसे लागते हे मोटारीतून आलेल्याला कितीही सांगितले तरी कळायचे नाही. हा आपला एक जाता जाता टोमणा.

गाडी अडवली तर लोक यायचे थांबतील, धंदे बुडतील, अशी भीती नेहमी घातली जाते. तिला उत्तर माथेरान आहे. तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटार जात नाही. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली दोन फुटी रुळांची गाडी १९०७ साली वर पोचली. २०१९च्या पावसात मार्ग वाहून गेल्यानंतर ती नेरळहून तीन वर्षे बंद होती, २०२२च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. गाडी बंद होती तेव्हाही माथेरान ओस पडले नाही. लोक नेरळहून टॅक्सीत माणशी जागा घेऊन दस्तुरीला येत होते आणि लाल मातीतून चालत जात होते. माथेरानचे स्वतःचे प्रश्न आहेत. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा तिथे इतकी वर्षे चालल्या ही काही भूषणाची गोष्ट नाही, आणि घोड्यांच्या लिदीचा वासही सगळ्यांना सोसत नाही. पण लहान मुलाचा हात सोडून निर्धास्त चालता येईल असा दुसरा बाजाररस्ता महाराष्ट्रात मला ठाऊक नाही.

परदेशाचे दाखले देण्याची आपल्याकडे फार खोड आहे, तरी एक दाखला द्यावासा वाटतो. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या खेड्यांना जोडणाऱ्या पिवळ्या टपालगाड्या आहेत. पहिली टपालाची मोटारबस बर्नहून डेटलिगनला निघाली ती १ जून १९०६ रोजी. आपली पहिली एस. टी. पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) यांच्यामध्ये धावली ती १ जून १९४८ रोजी. तारीख एक, आणि मूळ कल्पनाही बरीचशी एक: जिथे माणसे राहतात तिथे गाडी गेली पाहिजे. फरक पुढचा आहे. त्यांच्या घाटातल्या टपालगाड्या वळणावर रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधल्या तीन स्वरांचा भोंगा वाजवतात, आगगाडी स्टेशनात येण्याच्या बेताने बाहेर उभ्या असतात, आणि डोंगरातल्या वाटांवर जे पिवळे दिशाफलक आहेत त्यांवर पुढच्या गावाला किती तास लागतील आणि तिथे बस थांबते की नाही हे लिहिलेले असते. त्यांच्याकडे पैसा आहे, हे खरे. पण फलक रंगवायला किती पैसा लागतो?

आगगाडीपाशी बस उभी ठेवणे आपल्याला जमतच नाही असेही नाही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचचे तिकीट काढले, की त्यातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे आलेले असते. लाँच धक्क्याला लागते, बाहेर बस उभी असते, माणसे चढली की निघते. मोटार नसलेली हजारो कुटुंबे वर्षानुवर्षे अलिबागचा किनारा आणि ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ला अशा रीतीने पाहून येतात, आणि यात विशेष काही आहे असे कुणाला वाटत नाही. तेच आसनगाव, कर्जत, कसारा आणि मळवलीला का होऊ नये?

एस. टी. तोट्यात आहे, रविवारी रिकाम्या फेऱ्या चालवणे तिला परवडणार नाही, हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. तो खरा आहे. पण जादा गाड्या सोडणे ही एस. टी.ची परंपरागत विद्या आहे. आषाढीला पंढरपूर, गणपतीत कोकण, एखाद्या ग्रामदैवताची जत्रा, कुठेही पाहा, तात्पुरते स्थानक उभे राहते, रांगा लागतात, गाडी भरली की सुटते. वऱ्हाडासाठी आणि शाळेच्या सहलीसाठी प्रासंगिक कराराची गाडी तर कुठल्याही आगारात मिळते. पावसाळ्यातले दहा-बारा रविवार म्हणजे दर आठवड्याला भरणारी एक लहानशी जत्राच आहे. तिच्यासाठी प्रत्येक स्टेशनवरून सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फेऱ्या, बस्स. आणि स्टेशनच्या बाहेर एक फलक, त्यावर एकच गोष्ट ठळक अक्षरांत लिहिलेली: परतीची शेवटची गाडी किती वाजता. जाण्याची वेळ माणूस कशीही शोधून काढतो. घरातली बाई मुलांना घेऊन निघायला कचरते ती परतीच्या भीतीने.

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०२३च्या मार्चपासून एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले. त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. आमच्या सोसायटीतल्या बायकांचे भिशी मंडळ आहे. आधी ते वर्षातून एकदा कुणाच्या तरी ओळखीची मिनीबस ठरवून देवदर्शनाला जाई. गेल्या दोन वर्षांत त्या आपल्या आपण लाल गाडीने हिंडू लागल्या. एकवीरेला गेल्या त्या दिवशी कार्ल्याची लेणीही पाहून आल्या. त्यांतल्या दोघींनी आयुष्यात प्रथमच लेणे पाहिले, तेही नवरा किंवा मुलगा 'नेईल' याची वाट न पाहता. घरात मोटार असलेल्या बायकाही त्या मंडळात आहेत. गाडी घरात असणे आणि तिची किल्ली आपल्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्याकडूनच मला कळले.

त्या मंडळाचा पुढचा बेत भाज्याचा आहे, आणि वाटाड्या म्हणून मला बोलावणे आले आहे. त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो, कुणाला उपयोगी पडेल. लोणावळ्यापर्यंत सकाळची गाडी धरावी, तिथून पुण्याची लोकल, पहिलेच स्टेशन मळवली. भाजे गाव चालत अर्ध्या तासाच्या आत येते. लेण्याच्या पायऱ्यांना शेवाळ असते, चपला रबरी नकोत. लोहगडही करायचा असेल तर लेणी परतताना पाहावीत, कारण चढ सकाळीच संपवलेला बरा. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्याच स्टेशनवर विचारून कागदावर लिहून घ्यावी. डबा घरचा न्यावा, पण भाकरी गावात खावी, म्हणजे गावालाही आपण आल्याचे कळते. आणि रविवारी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच पाहून ठेवावे.